परदेशात जेवायला कुठं जायचं यापेक्षा काय खायचं आणि किती वाजता

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. या ताई, त्यांचे मिस्टर, ९ वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघं दिवाळीनंतर ११ दिवस बँकॉक आणि सिंगापूरला चाललेत. सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही, बाकी तिघं सगळं खातात. मागच्या वर्षी हनोईला गेले होते तेव्हा ४.६ रेटिंग बघून रात्री साडेनऊला एका मोठ्या हॉटेलात गेले, आठ पदार्थ मागवले, निम्मे गार आले, सूप पाणचट लागलं, सासूबाईंनी नुसता भात आणि बॅगेतली शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि मग उरलेले सगळे दिवस इंडियन हॉटेल. परत आल्यावर पुण्यात सवय व्हावी म्हणून ६५० रुपयांचं रामेन, म्हणजे जपानी नूडलचं सूप, खाल्लं, तेही बेचव. तर त्या विचारतायत की चांगलं हॉटेल ओळखायचं कसं.

मी २४ वर्षं हॉटेल लाईनमध्ये आहे. सुरुवात पुण्यातच, कॅम्पात चायनीजच्या शेगडीवर हेल्पर म्हणून, मग सहा वर्षं सिंगापूर, दोन वर्षं बँकॉक, आणि आता परत येऊन लोकांना रेस्टॉरंटचा मेनू आणि किचन बसवून देतो. त्यामुळं कुठल्याही हॉटेलात शिरलो की मी आधी आतल्या बाजूचा विचार करतो, इथं काय सकाळी करून ठेवलं असेल, काय आत्ता होणार, काय फ्रीजरमधून येणार. तेच तुम्हाला सांगायचा प्रयत्न करतो.

मला विचाराल तर हनोईत तुमचं हॉटेल चुकलं त्यापेक्षा ऑर्डर आणि वेळ जास्त चुकली. आणि हे तुमचंच असं नाही, पुण्याहून गेलेल्या जवळजवळ सगळ्यांचं हेच होतं, कारण आपली हॉटेलात बसायची सवयच वेगळ्या किचनवर तयार झालेली आहे. आपल्याकडं कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटचं मेनूकार्ड उघडा, पंजाबी, चायनीज, तंदूर, वर पावभाजी आणि डोसे, दीडशे-दोनशे पदार्थ आरामात. हे जमतं कसं, तर आत सकाळीच तीन-चार ग्रेव्ह्या तयार असतात, लाल, पांढरी, पिवळी, मखनी, आणि त्यातल्याच दोन-तीन कमीजास्त करून कढई पनीर पण होतं, कोफ्ता पण होतो आणि व्हेज कोल्हापुरी पण होतं, सात-आठ मिनिटांत टेबलावर. या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे, एका छोट्या किचनमधून दहा जणांच्या दहा आवडी सांभाळणं सोपं नाही. पण त्यामुळं आपल्या डोक्यात बसलंय की हॉटेल म्हणजे जिथं सगळं मिळतं, आणि मेनू मोठा म्हणजे हॉटेल मोठं.

बँकॉक, हनोई, सिंगापूर, टोकियो इथलं रोजचं साधं हॉटेल या गणितावर चालतच नाही. तिथं एक माणूस, एक पातेलं किंवा एक कढई, आणि एक पदार्थ, फार तर त्याचेच तीन-चार प्रकार. तो माणूस वीस-वीस वर्षं तेवढंच करत असतो. फो, म्हणजे व्हिएतनामचं नूडलचं सूप, त्याची हाडं कित्येक तास मंद उकळत असतात, ते काम पर्याय म्हणून बाजूला करता येत नाही, तेच त्याचं हॉटेल असतं. आता अशा शहरात जे हॉटेल टूरिस्टसाठी दोनशे पदार्थांचं कार्ड ठेवतं त्याच्याकडं ती बेस ग्रेव्हीची सोय नाही, मग ते काय करतं, तर आधीच करून गार करून ठेवलेलं परत गरम करतं. मी स्वतः बँकॉकला अशाच एका ठिकाणी पाच महिने काम केलंय, कार्डावर १२० पदार्थ होते आणि त्यातले साधारण पंचवीस ताजे बनायचे. बाकीच्यांचं काय व्हायचं ते सांगायला नको. पाच महिन्यांनी सोडलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या ना. बेडेकरांकडं मिसळ खायला जाताना आपण तिथलं रेटिंग बघत नाही, आणि तिथं बसून पनीर आहे का असं कोणी विचारत नाही. मिसळ खायचीय हे घरून ठरवून निघतो, सकाळी जातो, बसतो, खातो, सँपल मागतो आणि उठतो, कारण मागं लोक उभे असतात. हनोईत तुम्ही नेमकं हेच करायला हवं होतं. म्हणजे आधी पदार्थ ठरवायचा, मग तो लोक कधी खातात ते बघायचं, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. आपण उलट करतो, आधी हॉटेल शोधतो, मग भूक लागली की जातो, आणि पदार्थ कार्ड उघडल्यावर ठरवतो.

वेळेचं जरा जास्त सांगतो कारण हे कोणी सांगतच नाही. हनोईत फो हा मुळात सकाळचा पदार्थ. पहाटे सूप तयार असतं, सात-आठला दुकानात स्टुलं भरलेली असतात, आणि चांगल्या जुन्या ठिकाणी ते संपलं की संपलं. बुन चा, म्हणजे कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, शेवया आणि हिरवा पाला, हा दुपारचा. २०१६ साली ओबामा हनोईत जे खायला बसले होते तेच हे, टूरिस्ट ते रात्रीही मागतात, पण गल्लीत कोळसा पेटतो तो साधारण अकराच्या पुढं आणि तेव्हाच तो खावा. हाँगकाँगचं डिमसम, म्हणजे वाफवलेले छोटे छोटे पदार्थ, सकाळपासून दुपारपर्यंत. कोलंबोत राइस अँड करी दुपारी, तेव्हा पाच-सहा भाज्या ताज्या असतात, रात्री तिकडं कोट्टू, म्हणजे तव्यावर तुकडे करून परतलेली रोटी, त्या लोखंडी पात्यांचा तव्यावरचा खडखडाट लांबून ऐकू येतो. टोकियोत छोटी हॉटेलं दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती पाच-साडेपाचला उघडतात, आणि जे ठिकाण रात्री खिशाला परवडत नाही तिथंच दुपारचं सेट जेवण त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी पैशात मिळतं. तुम्ही साडेनऊला गेलात, ही आपली पुण्याची शनिवारची वेळ झाली. हनोईत तेव्हा बरीच किचनं आवरायला लागलेली असतात, आचारी भांडी घासायला टाकत असतो, तुमचे आठ पदार्थ त्यानं जे उरलंय त्यातून काढले असणार.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. एक म्हणजे सासूबाईंचं शाकाहार म्हणजे नक्की काय, हे निघायच्या आधी त्यांच्याशी शांतपणे बसून बोला. मांसाची कढई धुवून त्यात केलेली भाजी चालते का? तुकडा नाही पण फिश सॉस आहे, चालेल का? शेजारच्या टेबलावर कोणी मासा खात असेल तर त्यांना जेवण जातं का? याची उत्तरं प्रत्येक घरात वेगळी असतात आणि तिन्ही उत्तरांना माझ्याकडं आदरच आहे, पण ती तिथं भुकेच्या वेळी फुटपाथवर उभं राहून विचारली की सगळ्यांची चिडचिड होते. दुसरं, मुलगी तिखट किती खाते. तिसरं, तुम्ही दिवसभर किती चालणार, कारण ज्येष्ठ माणसाला एकच्या ऐवजी अडीचला जेवायला बसवलं तर जगातलं सगळ्यात चांगलं हॉटेलही त्यांना आवडणार नाही. आणि पैसे. तुम्ही रोज एक वेळ बरं एसी हॉटेल धरलं असेल तर हिशोब वेगळा, पण मी खाली जे सांगतोय ते बहुतेक स्वस्तातलंच आहे, स्वस्त आहे म्हणून सांगत नाहीये, त्या शहरांचं खरं जेवण तिथंच आहे म्हणून सांगतोय.

ठिकाण ओळखायचं कसं, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. रेटिंग पूर्ण फेकून द्या असं मी म्हणत नाही, पण ते देणारा कोण हे बघा, परदेशी माणसाला इंग्रजी बोलणारा वेटर आणि एसी मिळाला की तो पाच स्टार देऊन मोकळा होतो. मी दारात उभं राहून दोन मिनिटं टेबलांकडं बघतो. बहुतेक टेबलांवर एकच पदार्थ दिसला तर आत जातो आणि तोच मागवतो, नाव माहीत नसेल तर बोट दाखवून. प्रत्येक टेबलावर वेगळंच काहीतरी आणि लोक कार्ड वाचत बसलेत, तर पुढं. दुसरं, काम दिसतंय का. कढई, पातेलं, चिरायचा ठोकळा समोर असेल तर ते ठिकाण काही लपवत नाहीये. तिसरं, माल फिरतोय का. पोट बिघडण्याची भीती सगळ्यांना असते आणि ती रास्त आहे, पण पोट बिघडतं ते बहुतेक वेळा तासन्‌तास कोमट पडून राहिलेल्या अन्नानं, मग ते गाडीवर असो की मोठ्या हॉटेलच्या बुफेत. गाडीवर रांग आहे, कढईतून थेट ताटात येतंय, तर मला ते सुरक्षित वाटतं. मुलीला गाडीवरच्या कापून ठेवलेल्या फळांपासून मात्र लांब ठेवा, समोर कापून घ्या. बर्फाचं बँकॉकला सांगायचं तर मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ फॅक्टरीतून येतो, तो मी पितो, फोडलेल्या लादीचा नाही.

आणि बँकॉकच्या मॉलमधल्या फूडकोर्टला कमी समजू नका. आपल्याकडं फूडकोर्ट म्हणजे महाग आणि सगळीकडं तेच ते, तिथं उलट आहे, टर्मिनल २१ मॉलमधला पिअर २१ फूडकोर्ट घ्या, काउंटरवर कार्डात पैसे भरायचे, प्रत्येक स्टॉलचे ठरलेले मोजके पदार्थ, सहसा १०० बाटच्या आत प्लेट, ऑफिसचे लोक तिथंच जेवतात, बसायला जागा, स्वच्छ टॉयलेट, एसी. सासूबाई आणि मुलगी बरोबर असताना पहिल्या दिवशी मी तरी तिथंच नेईन. चार माणसं चार स्टॉलवरून आणून एका टेबलावर बसू शकतात, शाकाहाराचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

आता बेचव लागण्याबद्दल, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं हे आहे. आपला स्वाद फोडणीत असतो. तेलात मोहरी, हिंग, मसाला फुलवला की पदार्थ कढईतच पूर्ण होतो, ताटात आल्यावर आपण वर लिंबू पिळतो तेवढंच. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये बरेच पदार्थ मुद्दाम अर्धे ठेवून तुमच्यासमोर येतात आणि पूर्ण तुम्ही करायचे असतात. फोबरोबर जी ताटली येते ना, लिंबू, मिरची, कुठं कुठं पाला, ती सजावट नाही. आपण ती बाजूला ठेवतो आणि सूप पाणचट म्हणतो, म्हणजे एखाद्यानं मिसळीवर कांदा-लिंबू-सँपल काहीच न घेता नुसती उसळ खाऊन तक्रार करावी तसं झालं. आधी एक चमचा सूप तसंच प्यायचं, मग लिंबू, मग परत चाखायचं, मग मिरची, पाला असेल तर तो हातानं तोडून गरम सूपात टाकायचा म्हणजे वास सुटतो. बँकॉकला नूडलच्या टेबलावर चार बाटल्या किंवा वाट्या असतात, साखर, फिश सॉस, व्हिनेगरमधली मिरची आणि मिरचीपूड. थाई माणूस प्रत्येकातलं थोडं थोडं घालून मगच खायला लागतो. नूडलवर साखर बघून आपल्याला विचित्र वाटतं, पण अहो आपल्या आमटीत गूळ असतोच की. पॅड थाईचा, म्हणजे थाई परतलेल्या नूडलचा, जो सॉस आहे तो चिंच आणि ताडाचा गूळ, वर फिश सॉस. फिश सॉसच्या जागी सोया सॉस घातला तर सासूबाईंना ती चव परकी वाटणार नाही, चिंच-गुळाची आमटी रोज करणाऱ्या बाईला ती चटकन कळते हे मी पाहिलंय. टॉम यम या थाई सूपातला जो वास आहे तो गवती चहाचाच, आपण पात चहात उकळतो, ते खालचा जाड दांडा ठेचून सूपात टाकतात. हे त्यांना जेवायच्या आधी सांगा, ओळखीचं काहीतरी सापडलं की माणूस निम्मी लढाई जिंकतो.

जपानी जेवणाचं वेगळं आहे. तिथं चव हळू आहे आणि वाढवायला समोर फारसं काही नसतं. पण तुमचं रामेन बेचव लागलं त्याचं कारण कदाचित दुसरंच असेल. रामेन वाडग्यात आल्यापासून पहिल्या काही मिनिटांत खायचं असतं, नूडल गरम सूपात फुगत राहतात आणि सूप पातळ लागायला लागतं. जपानी माणूस फुर्र आवाज करत दहा मिनिटांत संपवून उठतो. आपण फोटो काढतो, स्टार्टरची वाट बघतो, चौघांत वाटून घेतो, आणि मग ते लगदा होतं. एकदा एकट्यानं, दुपारी, एक वाडगा, बोलणं बंद ठेवून खाऊन बघा आणि मग सांगा. तरी नाही आवडलं तर नाही आवडलं, सगळ्यांना सगळं आवडायलाच हवं असं नाही.

ऑर्डर कशी द्यायची ते इथंच सांगतो. एशियात ढोबळमानानं दोन प्रकारचं जेवण, एक प्रत्येकाची वेगळी प्लेट किंवा वाडगा (फो, रामेन, चिकन राइस, लाक्सा म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या शेवया) आणि दुसरं मधे ठेवून सगळ्यांनी भाताबरोबर घ्यायचं (थाई, चायनीज, कोरियन). पहिल्या प्रकारात वाटून घेत बसू नका. दुसऱ्यात चौघांना तीन पदार्थ आणि भात एवढंच आधी, एक आंबट-तिखट, एक सौम्य, एक पालेभाजी. थायलंडला मॉर्निंग ग्लोरी परतून देतात, आपली नाळीची भाजीच ती, फक्कड लागते. भूक राहिली तर परत मागवा, तिथं परत मागवणं अगदी नॉर्मल आहे. स्टार्टर-मेन कोर्स असा क्रम तिकडं नसतो, जे झालं ते येतं, त्यामुळं 'आधी सूप आणा' असं सांगून काही होत नाही. एकदम आठ सांगितले की सगळे एकत्र येतात आणि निम्मे गार होतात, हनोईत तेच झालं असणार.

शाकाहाराचं नीट सांगतो, कारण इथं फसगत होते. 'व्हेजिटेरियन' हा शब्द सांगून भागत नाही, बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ मांसाचे तुकडे नाहीत इतकाच घेतात, आणि त्यात कोणी तुम्हाला फसवत नसतं, त्यांच्या दृष्टीनं फिश सॉस म्हणजे मीठ. थायलंडमध्ये शब्द लक्षात ठेवा 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात लिहिलेलं असतं, आपल्याला ते इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. ती पाटी असेल तिथं मांस, मासे, अंडं, दूध, फिश सॉस काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणसुद्धा नाही. यामागं चिनी बौद्ध परंपरा आहे, उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य. आपल्याकडं चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात तसंच. त्यांचा मोठा शाकाहारी उत्सव नऊ दिवसांचा, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतो आणि तेव्हा रस्त्यावर सगळीकडं पिवळे झेंडे असतात. तुम्ही दिवाळीनंतर जाताय म्हणजे तो संपलेला असेल, पण कायमची 'जे' दुकानं असतातच, चायनाटाऊनच्या बाजूला, तिथल्या याओवारात रस्त्यावर विशेष. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, दिसायला शाकाहारी पण त्यात सुकी कोळंबी आणि फिश सॉस असतो, तिथं सांगायचं 'माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग', म्हणजे फिश सॉस घालू नका, सुकी कोळंबी घालू नका. अंड्यासाठी 'माय साय खाय'. कमी तिखट हवं तर 'फेत नित नोय'.

बाकीच्या देशांचं भरभर सांगतो, पुढं कधी उपयोगी पडेल. व्हिएतनाममध्ये शब्द 'चाय', पाटीवर कॉम चाय किंवा फो चाय दिसलं की आत जा, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास तिथले बरेच लोक स्वतःच ते खातात म्हणून माल ताजा असतो. जपानमध्ये साध्या भाजीच्या उकळीतही दाशी असतं, ते सुकवलेल्या माशाचं, त्यामुळं सासूबाईंना घेऊन जपान कराल तेव्हा देवळातलं शोजिन, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं जेवण शोधा, महाग आहे पण पूर्ण शाकाहारी. कोरियात किमचीतच, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीतच, बहुतेक वेळा माशाचा किंवा कोळंबीचा अंश असतो. श्रीलंकेत खोबऱ्याच्या चटणीत आणि कधी कधी भाजीतही उंबलकड म्हणजे सुका मासा पडतो, दिसत पण नाही.

सिंगापूर तुमच्यासाठी सोपं आहे. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली शंभरेक छोटे स्टॉल, प्रत्येकाचा ठरलेला पदार्थ, या संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मॅक्सवेल, टेक्का, ओल्ड एअरपोर्ट रोड, कुठंही जा. साधारण ४ ते ७ सिंगापूर डॉलरमध्ये एकाचं जेवण. मुलीला हायनानीज चिकन राइस नक्की द्या, उकडलेलं चिकन आणि चिकनच्या पाण्यात शिजलेला आल्या-लसणाचा भात, तिखट बाजूला वेगळं, त्यामुळं पोरं खातात. नाश्त्याला रोटी प्राटा, मुलं साखरेबरोबर पण खातात, आणि काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव (त्यात अंडं असतं, सासूबाईंना नको). लाक्साचा रस्सा आणि बरेचसे सांबाल, म्हणजे मिरचीच्या चटण्या, सुक्या कोळंबीचे असतात तेवढं लक्षात ठेवा. सासूबाईंसाठी लिटल इंडियात कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, आणि आनंद भवन तर १९२४ पासूनचं, दोन्ही शुद्ध शाकाहारी. आणि बहुतेक हॉकर सेंटरमध्ये एखादा चिनी शाकाहारी स्टॉल असतो, व्हेजिटेरियन बी हून म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, कोबी, वर तळलेलं टोफू.

इथं एक सांगायलाच हवं. माझी आई २०११ साली महिनाभर सिंगापूरला आली होती, पक्की शाकाहारी. तिला मी मोठ्या हौसेनं अशाच एका स्टॉलवर नेलं, प्लेट समोर आली आणि तिनं हात मागं घेतला. त्यात सोया आणि गव्हाचं केलेलं खोटं मांस होतं, रंग, रेषा, अगदी खऱ्यासारखं. पूर्ण शाकाहारी आहे हे मी कितीही समजावलं तरी तिच्या घशाखाली उतरेना, आणि ते स्वाभाविक होतं, आयुष्यभर जे टाळलं तेच ताटात दिसत होतं. स्टॉलवाल्या आजींनी ते बघितलं, काही न बोलता प्लेट उचलली आणि नुसत्या शेवया, कोबी, मशरूम आणि टोफू घालून परत आणून दिली. पुढचा महिनाभर आई दर दोन दिवसांनी तिथंच जेवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तर सासूबाईंना आधी सांगून ठेवा, आणि स्टॉलवर बोट दाखवून फक्त भाजी आणि टोफू सांगा.

म्हणजे आत्तापर्यंतचं धरून: आधी पदार्थ, मग त्याची वेळ, मग जागा, मागवायचं कमी, परत मागवायचं बिनधास्त, चाखून मग लिंबू-मिरची, आणि व्हेज म्हणण्याऐवजी काय घालू नका ते नाव घेऊन सांगायचं.

बिलाचं दोन ओळीत. सिंगापूरच्या रेस्टॉरंटात किमतीपुढं दोन अधिकची चिन्हं असतील तर वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी लागतो, हॉकर सेंटरमध्ये सर्व्हिस चार्ज नसतो. चायनीज रेस्टॉरंटात न मागता आलेले शेंगदाणे आणि ओले टिश्यू बिलात लागतात, नको असतील तर लगेच परत द्या, कोणी वाईट वाटून घेत नाही. हॉकर सेंटरला रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे, आणि खाऊन झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तो नियम आहे आणि दंड होऊ शकतो. बँकॉकच्या बऱ्या हॉटेलात १० टक्के सर्व्हिस आणि ७ टक्के व्हॅट वर लागू शकतो.

रोज एक वेळ इंडियन जेवलात तरी त्यात काही चुकलं असं वाटून घेऊ नका. घरचं वरण-भात हवासा वाटणं, त्यातही सत्तरीच्या माणसाला, यात कमीपणा काय आहे? माझा सल्ला फक्त इतकाच की ते रात्रीला ठेवा, जेव्हा सगळे थकलेले असतात, आणि सकाळ-दुपार त्या शहराला द्या, कारण त्याचं बरंचसं चांगलं जेवण तेव्हाच असतं.

पुण्यात सवय करायची असेल तर रामेनपासून सुरुवात नको. थाईपासून करा. गवती चहा, थाई बेसिल, गलांगल (आल्यासारखा कंद) हे आता पुण्याच्या आसपासच पिकतं, त्यामुळं इथल्या थाई करीला ताजेपणा असतो, बाहेरून गोठवून आलेल्या मालाला तो येत नाही. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, कुठंही दुपारी जा, एक करी, एक भात, एक भाजी, आणि कोशिंबिरीत फिश सॉस आहे का हे विचारायची प्रॅक्टिस सासूबाईंसमोरच करा म्हणजे त्यांना तिकडं भरवसा वाटेल. रांजणगाव-चाकणच्या कंपन्यांमुळं कोरियन आणि जपानी माणसं पुण्यात राहतात, ती जिथं स्वतः जेवताना दिसतील ते ठिकाण इंटरनेटवरच्या यादीपेक्षा चांगलं.

आणि बँकॉकला पोचल्यावर पहिलं काम, तुमच्या हॉटेलच्या रिसेप्शनवर एका कागदावर थाईमध्ये लिहून घ्या: 'या आजी "जे" जेवण खातात. मांस, मासे, कोळंबी, अंडं, फिश सॉस, ऑयस्टर सॉस नको.' त्याचा फोटो चौघांच्या फोनमध्ये ठेवा. कागद लिहून देणाऱ्या त्याच माणसाला विचारा की तुम्ही स्वतः दुपारी कुठं जेवता, काय खाता आणि किती वाजता. बहुतेक तो मागच्या गल्लीतलं एखादं दुकान सांगेल, त्याला नाव पण नसेल, तिथं साडेअकराला जाऊन बसा. सासूबाईंना दूध-दही रोज लागतं का आणि तुमचं हॉटेल बँकॉकच्या कुठल्या भागात आहे ते लिहा, मग जवळची 'जे' दुकानं शोधायला मदत करतो.